वायर काढली की लायसन्स लागतं

प्रश्न: ताई, मुलगी अकरावीला आहे, गेल्या महिन्यात तिला सोळावं पूर्ण झालं. क्लास मिरज रोडला, घरापासून सहा किलोमीटर. रोजची रिक्षा परवडत नाही, बसची वेळ जुळत नाही. शोरूमवाल्याने बॅटरीची बिनलायसन्सची स्कूटर दाखवली. पासिंग नको, इन्शुरन्स नको म्हणाला. वर हळूच असंही म्हणाला, की गाडी पंचविसालाच पळते, पण वेग अडवणारी एक वायर काढून देतो, पंचेचाळीस मिळेल, सगळेच काढून घेतात. ह्यांना ते पटलंय, माझ्या पोटात गोळा आलाय. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, मग चार्जिंग कुठे करायचं हाही प्रश्न आहे. त्यात सासूबाई म्हणतात, लायसन्स लागत नसेल तर मीपण शिकते. काय करू? – एक आई, सांगली

उत्तर: ताई, शोरूमवाल्याने तुम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. लायसन्स लागत नाही, ही एक. गाडी पंचेचाळीसला पळवून देतो, ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत, पण एकाच गाडीबद्दल एकाच वेळी खऱ्या नाहीत. तेवढं सांगायचं मात्र तो विसरला.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यात बॅटरीवरच्या छोट्या दुचाकीला सवलत आहे. मोटरची ताकद २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि त्या मॉडेलला सरकारमान्य चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र असेल, तर कायदा तिला मोटार वाहन धरतच नाही. मोटार वाहन नाही म्हणून लायसन्स नाही, पासिंग नाही, नंबर प्लेट नाही, सक्तीचा विमा नाही. सोळाव्या वर्षी ती चालवली तरी मोटार वाहन कायद्याची वयाची अट आड येत नाही. इथपर्यंत तुमचा शोरूमवाला शंभर टक्के बरोबर.

आता वायरीकडे येऊ. मी कोल्हापुरात ड्रायव्हिंग स्कूल चालवते, त्यामुळे अशा गाड्या दारात रोज येतात. मागच्या पावसाळ्यात एक मुलगा आला. ‘मॅडम, ब्रेक नीट लागत नाही’ म्हणाला. सीट उचलून पाहिली तर कंट्रोलरच्या, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या, डब्यातून निघालेल्या वायरींच्या झुपक्यात एका वायरीची दोन टोकं वेगवेगळी कापलेली, त्यावर काळी टेप गुंडाळलेली. टेप सुद्धा धड नव्हती, ओल धरून एका बाजूने सुटली होती. ‘हे कुणी केलं?’ विचारलं. ‘घेतली तेव्हापासून असंच आहे’ म्हणाला. म्हणजे शोरूममधून निघतानाच ती गाडी दुसरीच गाडी होऊन निघाली होती. त्याच्या ब्रेकमध्ये काही बिघाड नव्हता. ब्रेक पंचविसाच्या हिशेबाने बसवलेला आणि पोरगं पंचेचाळीसने येऊन तो दाबत होतं.

शाळेतलं गणित आठवा. वेग पंचविसाचा पंचेचाळीस केला की दुपटीला थोडा कमीच दिसतो, पण थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ती तिपटीच्याही वर जाते. टायर तोच, ड्रम ब्रेक तोच, चेसिस तीच. फक्त थांबायला लागणारा रस्ता वाढला.

आणि कायद्याच्या बाजूने बघाल तर वायर काढल्या क्षणी सवलत संपली. आता ती मोटारसायकल झाली: पासिंग नसलेली, विमा नसलेली, चालवणारी अल्पवयीन आणि बिनलायसन्सची. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९९ अ हे कलम आलं, ते ह्यांना एकदा शांतपणे वाचून दाखवा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. ‘मला माहीतच नव्हतं’ हे सिद्ध करायची जबाबदारी पालकावर. वायर काढताना शेजारी उभं राहून पैसे मोजलेल्या बापाने ते कसं सिद्ध करायचं? शिवाय त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. म्हणजे कॉलेज, पहिली नोकरी, सगळं रिक्षाने.

गाडीत परस्पर फेरफार केले म्हणून मालकाला वेगळा दंड आहे, प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. असे फेरफार करून विकणाऱ्यांवर तर त्याहून कडक कलम आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात राज्याच्या परिवहन विभागाने अशा वेग वाढवलेल्या गाड्यांवर आणि त्या विकणाऱ्यांवर मोहीम काढली होती. ‘पोलीस अडवत नाहीत’ हे वाक्य मला फार ऐकायला मिळतं. अडवत नाहीत तोवर नाहीत. पण मला दंडाच्या पावतीची तेवढी काळजी नाही, जेवढी दुसऱ्याच गोष्टीची आहे. अशा गाडीने उद्या कुणा म्हाताऱ्या माणसाला धक्का दिला, मांडीचं हाड मोडलं, तर त्याची भरपाई विमा कंपनी देणार नाही, कारण विमाच नाही. अपघात न्यायाधिकरण ती तुमच्या खिशातून वसूल करायला सांगेल. अशा रकमा लाखांत जातात.

इथे एक गोष्ट तुमच्या मुलीलाही सांगा. वायर जागेवर असली म्हणून रस्त्यावर काहीही चालतं असं नाही. बेदरकारपणे वाहन चालवण्याचं भारतीय न्याय संहितेतलं २८१ वं कलम कुठल्याही वाहनाला लागतं, त्यात मोटार वाहनच असायला हवं अशी अट नाही. सिग्नल तोडून कुणाला पाडलं तर ‘माझी बिनलायसन्सची आहे’ हे उत्तर होत नाही.

आता ह्यांच्याशी भांडण न करता बोलायचं असेल तर कायदा बाजूला ठेवा आणि घड्याळ घ्या. सहा किलोमीटरला पंचविसाच्या वेगाने साधारण पंधरा मिनिटं लागतात. पंचेचाळीसने आठ. तेही रस्ता मोकळा असेल, सिग्नल लागला नाही, पुढे ऊसाची ट्रॉली आली नाही तर. म्हणजे खरं पाहता चार-पाच मिनिटांचा फरक. पोरगी पाच मिनिटं लवकर निघाली की झालं. ह्या एका हिशेबाने माझ्याकडे दोन बाबांनी वायर परत जोडून घेतली, कलम सांगून एकानेही नाही.

आमचं म्हणाल तर हो, गाडी घ्या. पण खरी हळू चालणारी घ्या. शोरूमवाल्याकडे त्या मॉडेलच्या मान्यता प्रमाणपत्राची प्रत मागा. पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट अशा संस्थांचं ते असतं. प्रमाणपत्रावरचं मॉडेलचं नाव आणि बिलावरचं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. बिलावर २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर लिहून घ्या, एक प्रत गाडीच्या डिकीत ठेवा. ‘कंपनीकडून येईल, दोन दिवसांत देतो’ म्हणाला तर दोन दिवसांनीच पैसे द्या. आणि टेस्ट राईडला जाताना खिशात फोन ठेवा, जीपीएसचा वेग दाखवणारं ॲप चालू करून. गाडीच्या स्क्रीनवरचा पंचवीस आणि रस्त्यावरचा पंचवीस नेहमी सारखा असतोच असं नाही. तिसऱ्या गल्लीत फोन पस्तीस दाखवायला लागला तर समजा, वायर आधीच काढलीय.

एक शंका तुमच्या मनात येईलच: सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ना? मिळतं, पण ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीपुरतं, पालकांच्या संमतीने. तेवढ्यावर मोठी, पासिंगची, सत्तर-ऐंशीला पळणारी इलेक्ट्रिक स्कूटर तिच्या हातात देऊ नका. तिला अठरा पूर्ण झाले की लर्निंग काढा, तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा द्या, मग हिरव्या प्लेटवर पांढऱ्या अक्षरांत ‘एमएच १०’ लिहिलेली घ्या. विमा नव्या दुचाकीला पाच वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो, तो बजेटमध्ये धरा. दोन वर्षं हळू गाडी चालवलेली पोरगी तोवर रस्ता वाचायला शिकलेली असेल. मला तर हा क्रमच जास्त आवडतो.

आता चालवण्याचं. बॅटरीच्या गाडीचा सगळ्यात मोठा धोका रस्त्यावर नाही, पार्किंगमध्ये आहे. पेट्रोलची गाडी चालू आहे हे कानाला कळतं. ही गाडी चालू असली तरी गप्प असते. चावी फिरवून ठेवायची, मग हेल्मेट घालायचं, मग गाडी ढकलत मागे घ्यायची, आणि हाताची मूठ नकळत फिरते. ॲक्सिलरेटर दिला की मोटर थांबून विचार करत नाही, त्या क्षणीच ओढते. माझ्याच स्कूलच्या अंगणात एक काकू अशा गाडीच्या मागे धावल्या, मूठ काही सुटेना, कारण घाबरल्यावर माणूस मूठ अजून घट्ट धरतो. गाडी तुळशीच्या कट्ट्यावर जाऊन थांबली. तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम: बूड सीटवर टेकल्याशिवाय चावी फिरवायची नाही आणि उतरायच्या आधी चावी काढायची. ढकलायची असेल तर चावी खिशात. मुलीकडून हे आठवडाभर पाठ करून घ्या, बाकीचं नंतर.

दुसरं, तिची गाडी कुणाला ऐकू येत नाही. मोबाईलवर बोलत रस्ता ओलांडणारा माणूस कानाने बघत असतो. गल्लीतलं कुत्रं सुद्धा उशिरा दचकतं. त्यामुळे थांबलेल्या बसच्या आणि रिक्षाच्या बाजूने जाताना हॉर्न आधी आणि बोटं ब्रेकवर.

मिरज रोडवर पंचविसाने चालवायचं म्हणजे मागून येणारा प्रत्येक जण तिला ओव्हरटेक करणार. हे तिच्या मनाला लागेल, लागू द्या. जागा डावीकडची, पण पार कडेला नाही. डांबर आणि मुरूम जिथे मिळतात त्या काठावर चाललं की चाक खाली उतरतं आणि परत वर चढताना गाडी आडवी होते. ह्या गाड्यांची चाकं लहान असतात, खड्ड्यात मोठ्या चाकापेक्षा जास्त आत जातात. काठापासून हातभर आत राहायचं. हंगामात ऊसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांची गाडी पुढे असेल तर तिच्या मागे राहायचं. बाजूने काढायला हिला वेग नाही आणि ट्रॉली वळताना मागचं टोक आत येतं. पाच मिनिटं गेली तर गेली. शक्य असेल तर रविवारी सकाळी तुम्ही स्वतः तिच्याबरोबर आतल्या रस्त्याने जाऊन बघा. किलोमीटरभर लांब पडला तरी तोच रस्ता ठरवून टाका.

मागे मैत्रीण नको. २५० वॉटची मोटर दोघींना सपाटीला नेते, पण पुलाच्या चढावर ती चालत्या माणसाच्या वेगाला येते आणि मागचे डंपरवाले तेवढे सोशिक नसतात.

हेल्मेटची सक्ती मोटारसायकलला आहे आणि ही मोटारसायकल नाही, असा मुद्दा तुमची मुलगी नक्की काढेल, अकरावीची मुलं वकीलच असतात. तिला सांगा, डांबराने कायदा वाचलेला नाही. आयएसआय छापाचं, हनुवटीखाली पट्टा लावलेलं हेल्मेट. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना आधी सुटतं. ओढणी मात्र मी घरीच ठेवायला सांगते. मागच्या चाकात ओढणी गेल्यावर काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे, इथे लिहीत नाही.

चार्जिंगचा तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. स्वस्त हळू गाड्यांत बऱ्याचदा शिशाच्या चार-पाच जड बॅटऱ्या असतात, त्या काढून दुसऱ्या मजल्यावर नेणं शक्य नाही. लिथियमची काढता येणारी बॅटरी असेल तर ती पिशवीसारखी वर नेता येते, तुमच्यासाठी मी जास्तीचे पैसे घालून तीच घ्या म्हणेन. पण वर नेलेली बॅटरी कुठे ठेवायची याचा विचार करा. २०२२ मध्ये वसईत रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा गेला. तो झोपला होता त्याच खोलीत बॅटरी होती. म्हणून झोपायच्या खोलीत नाही, बाहेर पडायच्या दारापाशी नाही, जिन्याखाली तर अजिबात नाही, कारण तिथे आग लागली तर सगळी बिल्डिंग वर अडकते. बाल्कनी असेल तर तिथे, फरशीवर, ऊन आणि पाऊस लागणार नाही अशा कोपऱ्यात. क्लासवरून आल्या आल्या लावू नका, गरम बॅटरीला अर्धा-पाऊण तास निवू द्या. जागे असताना लावा, भरली की काढा. चार्जर गाडीबरोबर आलेलाच. बाजारातला स्वस्त चार्जर हा त्या गाडीच्या आयुष्यातला सगळ्यात महाग खर्च ठरू शकतो.

शिशाचीच घेतली तर खाली पार्किंगमध्ये तुमच्या मीटरवरून वेगळा प्लग पॉइंट काढून घ्या, अर्थिंग आणि एमसीबीसकट (जास्त वीज ओढली की आपोआप बंद पडणारा स्विच), इलेक्ट्रिशियनकडून आणि सोसायटीला विचारून. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली लोंबणारी एक्स्टेन्शनची वायर मी आमच्या गल्लीत रोज बघते, दोन ठिकाणी तर तिला कपडे वाळत घातलेले असतात. आमच्याही हातून ही चूक झालीय. एक्स्टेन्शन बोर्डावर स्कूलची गाडी लावली, तासाभराने वास आला, बघते तर प्लगची पिन काळी आणि बोर्डाचं प्लास्टिक मऊ झालेलं. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते, त्यामुळे जागा हवेशीर लागते. बॅटरी फुगली, तिला उग्र वास आला किंवा फुसफुस आवाज आला तर पाणी घेऊन पुढे जाऊ नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

आणि आता सासूबाई. त्यांचं उत्तर सगळ्यात सोपं आहे: शिकवा! कायद्याने त्यांना अडवणारं काही नाही, गाडी खरी पंचविसाची असली की झालं. माझ्याकडे साठीच्या बायका शिकतात आणि पोरींपेक्षा लवकर शिकतात, कारण त्यांना वेग नकोच असतो, थांबायला आधी शिकायचं असतं. सुरुवात मैदानावर करा. पहिले दोन दिवस गाडी बंद ठेवून नुसती ढकलत न्यायची, दोन्ही ब्रेक दाबून थांबवायची, स्टँडवर घ्यायची. तिसऱ्या दिवशी चावी. साडी नेसूनच चालवणार असतील तर पदर कमरेला खोचून, निऱ्या आत दाबून, आणि पायात चपलेऐवजी मागे पट्टा असलेलं काहीतरी. पहिला आठवडा तुम्ही शेजारून चालत जा, पण हँडलला हात लावू नका. शेजारच्याने हँडल धरलं की नवशिका माणूस त्याच बाजूला झुकतो. नातीलाही त्याच मैदानावर न्या, दोघींना आळीपाळीने. आजीसमोर पोरगी पंचविसाच्या वर जाण्याची भाषा करणार नाही, आणि नातीसमोर आजी घाबरल्याचं दाखवणार नाहीत.